भिकादादा दमले

सूर्या नदी वरून बघायची म्हणून आम्ही डहाणूच्या चौघी मैत्रिणी डोंगर चढत होतो. वाट दाखवायला नदीकाठच्या पाड्यावरचे भिकादादा होते. चढ अगदी उभा. दर वळणावर तेच आधी दगडावर टेकायचे, "बसू जरा ताई, दमलो मी."

"वय झालं दादा आता तुमचं," संगिता धापा टाकत म्हणाली. ते नुसते हसले.

दोन तासांनी माथा आला. मी नदीचा फोटो काढला आणि मोठा करून त्यांना दाखवला.

"अरे, माझ्या नाचणीत बकऱ्या!" म्हणत ते उतारावरून पळत सुटले.

आम्ही अजून धापाच टाकत होतो. मी नदीचा दुसरा फोटो काढला.



त्यात भिकादादा नाचणीतून बकऱ्या हाकलत होते.