दिवाळीचं मॉडेल

घोडनदीच्या काठी सासूबाईंचा दहावा चालला होता आणि कावळा पिंडाला शिवत नव्हता. “भरत, अक्काची काय इच्छा राह्यली व्हती, बोल,” मामा म्हणाले. “समृद्धीचं माहेर तुटू देणार न्हाई,” भरतनं शब्द दिला. कावळे चिंचेवरच बसून राहिले. कडेवरच्या बाळाला थोपटत हर्षाली नवऱ्याच्या कानाशी म्हणाली, “अहो, लॅपटॉपचं बोला.” अमेरिकेत समृद्धीला मुलगा झाला, तेव्हापासून सासूबाई नातवाला पडद्यावर बघायचं म्हणत होत्या आणि भरत दर वेळी समजावत होता, “थांब आई, दिवाळीला नवीन मॉडेल येतंय, त्यात कॅमेरा आतच असतो.” आता भरतनं हात जोडले. “आई, उद्याच आणतो.” “कावळ्याला काय कळतंय लॅपटॉप, राव!” मागून कुणीतरी पुटपुटलं. उन्हं चढली. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. “झालं, उठा.” माणसं घराकडं वळली. भरत उठेना.