खुनी मामाची धून

संगीतकार हेरंब दाणींच्या सत्काराला पार्श्वसंगीत द्यायचं काम इरावतीने स्वतःहून मागून घेतलं. हल्ली प्रत्येकाच्या कानामागे चकती असते आणि बारशापासून तेराव्यापर्यंत माणसाला काय वाटायचं, ते तिच्यातलं संगीतच ठरवतं. चकती बंद पडली, तर लोकांना मयतीतही रडू येत नाही.

दाणी बोलायला उभे राहिले आणि इरावतीने कळ दाबली. सगळ्यांच्या कानात एकदम एका गाजलेल्या मालिकेतल्या खुनी मामाची धून घुमली. हीच धून दाणींनी तिच्याकडून ढापली होती. आजचा सत्कारही या धुनेच्याच जिवावर होता.

"रसिकहो, तुमचं प्रेम..." दाणी म्हणाले, तशी बायकांनी पोरं जवळ ओढली. हार घेऊन आलेले अध्यक्ष मागे सरले. दाणींची सख्खी नात आईच्या पदराआडून किंचाळली, "आजोबांना घालवून द्या!"

चकती दाणींच्याही कानामागे होती. त्यांना स्वतःच्याच आवाजाची किळस आली.

"बंद कर गं!" ते माइकवरच ओरडले. "धून माझी नाही! इरावतीची आहे, मी चोरली!"

इतकी वर्षं ती याच वाक्यासाठी थांबली होती. तिने आवाज आणखी वाढवला.