रंग न बघणारे डॉक्टर

"मधुमेहासाठी जठर लहान करायचं ऑपरेशन करण्याइतक्या तुम्ही लठ्ठ नाही," लंडनच्या डॉक्टरांनी हेमांगी साटमला हसून सांगितलं. जणू काही ते तिचं कौतुकच करत होते.

हेमांगीची दोन्ही पावलं बधिर होत चालली होती. इन्सुलिन वाढवूनही साखर उतरत नव्हती. ती म्हणाली, "आम्हा आशियाई लोकांना कमी वजनातच मधुमेह गाठतो. म्हणून आमच्यासाठी वजनाची अट शिथिल करतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच."

"इथे आम्ही कुणाचा रंग बघत नाही. सगळ्यांना एकच नियम," डॉक्टर मोठ्या अभिमानाने म्हणाले. "भात सोडा आणि रोज भरपूर चाला."

"या पावलांनी?" तिने विचारलं. तोवर त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं होतं.

हेमांगी रजा काढून कोल्हापूरला भावाकडे गेली आणि तिथे जठराचं तेच ऑपरेशन करून आली. काही महिन्यांत तिचं इन्सुलिन सुटलं.

पुढच्या तपासणीला रिपोर्ट पाहून डॉक्टर खुलले. "बघा, भात सोडल्याचा परिणाम! माझं ऐकलंत ते बरं केलंत."

हेमांगीने कुर्ता थोडा वर करून पोटावरचे व्रण दाखवले.

"भात अजून खाते मी," ती म्हणाली. "तुमचं ऐकणं तेवढं सोडलं."