शंभरातले पाच

मीटिंगमध्ये पाऊण तास खडाजंगी चालली होती. डॉक्टरांची वेळ ठरवून देणारं ॲप जुन्या सर्व्हरवरून नव्यावर न्यायचं होतं, आणि ते कसं न्यायचं यावरून दोघं हमरीतुमरीवर आले होते.

टीममध्ये नुकतीच आलेली इंजिनिअर एका फटक्यात काम उरकण्याच्या मताची होती. एका पहाटे ॲप वापरणाऱ्या सगळ्यांनाच नव्याकडे वळवायचं. काय बोंबलायचं ते एकदाच बोंबलेल.

सगळे ज्याला सीनियर म्हणत, त्याला हा आडदांडपणा वाटला. त्याची तयारी दांडगी होती. गेले चार महिने घरीही निवांतपणा मिळाला होता. लेक परीक्षेच्या अभ्यासाला मावशीकडे राहत होती, बायको शनिवार-रविवार तिच्याजवळ जायची, हल्ली शुक्रवारीही. शिलाई मशीन दुरुस्तीला गेल्यापासून ती घरघरही बंद होती. योजना मंजूर झाली की घराकडे बघेन, असं त्यानं बायकोला सांगून ठेवलं होतं. असं तो अकरा वर्षं सांगत होता, पण या वेळी त्याला ते खरंच वाटत होतं.

"आधी शंभरातले पाच नव्याकडे पाठवू," तो म्हणाला. "आठवडाभर बघू. एक जरी तक्रार आली, तरी सगळ्यांना परत जुन्याकडे आणू. नाही आली तर दहा, मग पंचवीस, मग निम्मे. जुना रिकामा होईल तेव्हा कुणाच्या गावीही नसेल."

साहेबांनी विचारलं, "वेळ फार जाईल ना?"

"जाईल. पण कुणाला त्रास होणार नाही."

साहेबांनी मान डोलावली. नव्या मुलीनं वही मिटली. सीनियरनं बाजी मारली.

हे सगळं त्याला तोंडपाठ होतं, कारण चार-पाच महिन्यांपूर्वी त्यानं ते पहिल्यांदा बायकोलाच ऐकवलं होतं. तिनं खोदून खोदून विचारलं, तेव्हा आपल्या कामात तिला रस वाटतोय या आनंदात त्यानं कागदावर आकृतीसुद्धा काढून दिली होती.

संध्याकाळी तो चक्क वेळेवर घरी आला. हाका मारल्या. कपाट उघडलं तर आत त्याचेच शर्ट. स्वयंपाकघरात एक ताट, एक कप. तोच कप विसळून विसळून आपण कधीपासून वापरतोय, हे त्याला आठवेना. त्यानं फोन लावला.

"अगं, आहेस कुठे?"

"माझ्या घरी. भाड्यानं घेतलंय. लेकही इथंच आहे. शेवटची पिशवी आज आणली."

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यालाच तो घाबरला.

"चार महिने चोरून चोरून हे केलंस? एका शब्दानं तरी विचारायचंस."

"दर आठवड्याला वाट बघत होते रे," ती म्हणाली. "तू एकदा जरी तक्रार केली असतीस, तरी मी सगळं परत आणलं असतं."