मधला शब्द

घराची वाटणी झाली तेव्हा चुलींमध्ये भिंत आली, पण छपरापर्यंत पोचली नाही. पलीकडे मोठी सून, अलीकडे धाकटी. दोघींचं बोलणं बंद आहे, पण निडी गावातल्या इंग्रजीच्या वर्गाला दोघी जातात. परवा मीही गेले. शिकवणाऱ्या पिंकीने शब्दांच्या पाट्या वाटल्या. मला 'अँड' देऊन म्हणाली, "आजी, तुमी दोन वाक्यांच्या मधी उभं ऱ्हायचं." आज दुपारी सामाईक ओट्यावर मला डुलकी लागत होती. भाताची वाफ भिंतीवरून तरंगत होती. मोठी घोकत होती, "आय कुक राइस." माझ्या तोंडून आपसूक निघालं, "अँड." धाकटी म्हणाली, "आय कुक फिश." दोघी थबकल्या. मोठी पुन्हा तेच म्हणाली. मी गप्प राहिले. वाटणीनंतर पहिल्यांदाच ती जावेला म्हणाली, "आई झोपल्यात वाटतं गो. मधला शब्द तूच बोल." मी डोळे घट्ट मिटले.