डाव्या कोपऱ्यातली रेघ

पुन्हा तीच रेघ होती. चादरीच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात, अगदी काठाला चिकटून. वाकडी, टोकाशी जराशी फुटलेली. यशोधराने चष्मा वर सरकवला, स्क्रीनवर तो कोपरा मोठा केला आणि रेघ पुसून टाकली.

"एवढी सुरेख वेल काढते, आणि कोपऱ्यात ब्रश पुसते की काय!" ती मोठ्याने म्हणाली. ऐकायला घरात कोणी नव्हतं. बदलापूरच्या मांजर्लीतल्या त्या दोन खोल्यांत हल्ली टीव्हीखेरीज तिच्याशी कोणी बोलत नसे, आणि टीव्हीला उत्तर दिलं काय नि न दिलं काय.

यशोधरा चादरींची डिझाइनं काढायची. उल्हासनगरचे मुकेशशेठ ती छापून घेत आणि गावोगाव विकत. बदलापुरात कुठल्याही गल्लीत मान वर केली की एखाद्या गॅलरीत तिची कमळं, तिची पिंपळपानं वाळत पडलेली दिसत. नाव मात्र कुठेच नसे. खुद्द शेठ माणसांना गावाच्या नावाने ओळखत. त्यांच्या फोनमध्ये यशोधरा 'बदलापूर' होती आणि ही रेघवाली नवी बाई 'नाशिक'. नाशिकची फाइल आली की छापायच्या आधी ती साफ करायचं काम शेठनी बदलापूरच्या गळ्यात घातलं होतं.

ते तिला झोंबायचं. कारण नाशिकचा हात खरोखर चांगला होता, आणि शेठ तिची डिझाइनं वाढवत चालले होते. आपलं काम सुटलं तर घर कसं चालायचं ही काळजी होतीच, पण खरी धास्ती निराळी होती. काम गेलं तर चिमणीही जाणार होती.

चिमणी भाविकाची. भाविका तिची एकुलती एक लेक. शाळेत नुकती जाऊ लागली तेव्हा ती कागदाच्या उजव्या कोपऱ्यात चिमणी काढायची, एका पायाची.

"अगं, लंगडी का ही?" यशोधराने एकदा विचारलं होतं.

"लंगडी नाही काय! दुसरा पाय दुसऱ्या कागदावर आहे."

यशोधरा हसली होती आणि कामाला लागली होती. तो दुसरा कागद काही तिने मागितला नाही.

मोठेपणी भाविका बँकेच्या परीक्षेचा क्लास चुकवायला लागली. कळलं तेव्हा यशोधराचा तोल गेला. क्लासच्या वेळेत तू जात कुठे होतीस, एवढंसुद्धा तिने विचारलं नाही. म्हणाली, "मला पुन्हा तोंड दाखवू नकोस."

"तू माझ्याकडे कधी नीट बघितलंयस तरी का, आई?" भाविका म्हणाली आणि निघून गेली. तिचा नंबर बदलला. मैत्रिणींनाही ठावठिकाणा ठाऊक नव्हता, किंवा त्या सांगत नव्हत्या.

तेव्हापासून प्रत्येक चादरीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, अगदी काठाला लागून, पानांच्या आड, यशोधरा ती एका पायाची चिमणी बसवत आली होती. कुठेतरी भाविका अंथरूण घालेल, कोपरा खोचताना चिमणी दिसेल आणि तिला कळेल, आई वाट बघतेय. या एका आशेवर तिचे दिवस जात होते. उत्तर अजून आलं नव्हतं. भात मात्र ती दोघींचा लावायची आणि उरलेला सकाळी फोडणीला टाकायची.

नाशिकच्या पुढच्या फाइलमध्येही रेघ दिसली तेव्हा तिने सरळ शेठना फोन लावला.

"शेठ, त्या बाईला एकदा सांगा ना. दर वेळी तीच घाण."

"बोललो मी मॅडम. बोलती है, वो डिझाइनच आहे. आता काय बोलणार?"

"मग बंद करा तिचं काम. दुसऱ्याचा कचरा मी किती दिवस काढत बसू? हवं तर मी जास्त डिझाइनं देते."

"तुम्ही जुन्या आहात, मॅडम. बघतो काय करायचं."

त्यानंतर यशोधराला ताप भरला. पाणी द्यायला कोणी नव्हतं, म्हणून तिने तांब्या उशाशीच ठेवला होता. हिंडू-फिरू लागली तोवर शेठचा निरोप आला होता, दुकानात या.

दुकानात शेठ तणतणत होते. "देखो मॅडम, तुम्ही बीमार पडले, मी साफ न करता तसाच माल छापायला दिला. पूरा लॉट असा आला!"

काउंटरवर नाशिकची चादर पसरली होती. डाव्या कोपऱ्यात ती रेघ ठसठशीत उमटली होती.

"जाऊ द्या, आता ही कटकट खतम," शेठ म्हणाले. "तुम्ही बोलले म्हणून कालच नाशिकला कळवलं, काम बंद. रडायला लागली हो फोनवर. मलापण बरं नाही वाटलं."

यशोधरालाही वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोला, तिला हायसंही वाटलं. चिमणी वाचली होती.

"चलो, आता तुमचा नवीन पीस बघा." शेठनी गठ्ठ्यातून यशोधराची चादर ओढली. काउंटरवर जागा कमी होती, म्हणून त्यांनी ती नाशिकच्या चादरीच्या डाव्या अंगाला खेटून पसरली. काठाला काठ लागला.

सवयीने यशोधराने आपल्या चादरीचा उजवा कोपरा हाताने सपाट केला. पानांच्या आडून चिमणी डोकावत होती.

पलीकडच्या चादरीवरची रेघ नेमकी तिच्या पोटाखाली आली होती, आणि चिमणी दोन पायांवर उभी होती.