लिंबाचा बहर

धाकट्या बहिणीला सासरी जुळं झालं त्या साली बाबांना ऐंशी पूर्ण झाली. वाढदिवसाच्या सकाळी थोरलीने फ्रिज उघडला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिने टेबलावर सुकायला ठेवलेले अंड्यांचे पुठ्ठे आत होते. पुठ्ठ्याच्या एकेका खळग्यात एकेक साखरेचं फूल.

"ही इथं कुणी ठेवली?"

"मी," भाऊ छाती काढून म्हणाला. "टेबलाच्या पायाला मुंग्यांची रांग लागली होती. म्हटलं, ताईची मेहनत वाया जायला नको."

"अतिशहाण्या! साखरेचं फूल कुणी गारठ्यात ठेवतं होय? बाहेर काढलं की घाम फुटतो त्याला."

"मला काय माहीत? आपण फक्त खातो."

थोरली लोकांच्या लग्नाचे, वाढदिवसाचे केक करायची. ही फुलं मात्र बाबांच्या केकसाठी होती. परसात लिंबाची झाडं, झाडांखाली बाबांच्या मधमाश्यांच्या पेट्या. पण बाबांना जिना उतरवत नव्हता, आणि लिंबाच्या बहराला अजून दोन महिने होते. बहराचं नाव काढलं की डॉक्टर चष्मा पुसत बसायचे. बाबा त्यावर एकदाच बोलले, "यंदाचा बहर काही मला सापडत नाही."

ते ऐकलं आणि थोरलीने साखर दळायला घेतली.

पिठीसाखर, डिंक, अंड्याचा पांढरा भाग. मळून पापुद्र्याएवढं पातळ लाटायचं. पाकळी कापून तळहातावर घ्यायची, काडीच्या गोल टोकाने कडेकडेने दाबत जायचं, म्हणजे ती आपसूक वळते. मधे पिवळ्या टोकांचे तंतू, तेही साखरेचेच. पहिलं फूल तिने बाबांना दाखवलं होतं. त्यांनी ते उलटं करून उजेडात धरलं. "पाठ कोरी ठेवलीस," म्हणाले. "लिंबाच्या पाकळीला पाठीमागून जांभळी झाक असते." त्या झाडाखाली लहानाची मोठी झालेली थोरली बघतच राहिली. मग तिने प्रत्येक पाकळीची पाठ रंगवली.

आता पुठ्ठे बाहेर आले आणि तिच्या डोळ्यांदेखत फुलांनी ओल धरली. पाकळ्यांवर बारीक थेंब उभे राहिले. कडा मऊ पडल्या, माना कलल्या, जांभळा रंग पाठीवरून पोटात उतरला. नवी करायला वेळ नव्हता. ओठ घट्ट मिटून तिने होती तशीच फुलं केकवर मांडली आणि केक बाबांच्या खोलीत नेला. वाऱ्याने सुकली तर सुकली म्हणून पलंगाजवळची खिडकी उघडली.

"बिघडली, बाबा. काल बघायला हवी होतीत."

बाबा कितीतरी वेळ बघत राहिले.

"काल साखरेची होती," ते म्हणाले. "पहाटे झाडावरची अशीच असतात."

तेवढ्यात खिडकीतून एक मधमाशी आत आली.

भावाने घडी केलेलं वर्तमानपत्र उचललं. बाबांचा हात सरळ वर झाला. चहाचा कप न पेलणारा तो हात.

"खाली ठेव."

माशी केकच्या काठावरून गेली. तिथं क्रीमचे जाड झुबके होते, त्यांच्यावर ती टेकली नाही. तिने एक घिरटी घातली, एका फुलावर उतरली आणि पिवळ्या तंतूंमधे डोकं घातलं. तिच्या भाराने पाकळी हलली.

ती पाकळी थोरलीने स्वतःच्या तळहातावर वळवली होती.

"ओली साखर आहे, म्हणून आली," भाऊ हळूच म्हणाला.

"असेल," बाबा म्हणाले. "साखर केकभर आहे. ती बसली कुठं ते बघ."

भाऊ वाकून बघायला लागला.

आईने पदर तोंडाला लावला. "जन्मभर यांनी माझ्यापेक्षा माश्यांशीच जास्त गप्पा मारल्या," ती पुटपुटली. "आज त्यांच्यातलीच एक पाहुणी म्हणून आली बघा."

माशी उठली. खिडकीत थांबून तिने केकच्या दिशेला तोंड करून दोन-तीन हेलकावे घेतले आणि निघून गेली. भावाने सुरी हातात घेतली.

"राहू दे," बाबा म्हणाले. "आता ती घरी जाऊन सांगेल."

"कुणाला?"

"सगळ्यांना. त्या बशा बाजूला घ्या. आणि खिडकी पुरती उघडा."

थोरलीने खिडकी पुरती उघडली. आधी एक आली. मग तीन. मग मोजायचं कुणाच्या मनातच राहिलं नाही. खोलीभर गुंजारव भरला. भिंतीपाशी टेकून तिघं उभी होती, आणि माश्या त्यांच्या कानांजवळून, केसांवरून फुलांकडे जात होत्या. एकही कुणाला डसली नाही. थोरलीने इतकी वर्षं केक केले, लोकांनी वाहवा केली, फोटो काढले. आपल्या फुलांवर कुणी असं काम करताना तिने पहिल्यांदा पाहिलं.

बाबांनी डोळे मिटले होते. चादरीवर त्यांचं एक बोट त्या आवाजाबरोबर हलत होतं.

दुपार कलेपर्यंत पाकळ्यांची जाळी झाली. त्यातून पलीकडचं दिसायला लागलं. केक त्या दिवशी कुणी कापलाच नाही.

बाबा त्याच आठवड्यात शुक्रवारी सकाळी गेले. परसातल्या लिंबाला तेव्हा कळीही धरली नव्हती.